प्रेग्नन्सी आणि योनीतले बॅक्टेरिया: रिपोर्टमध्ये ‘डायव्हर्सिटी लो’ आली तर घाबरायचं का?

मागच्या वर्षी एका रात्री साडेअकराला ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली. खाली मेसेज होता, “तू इंजिनिअर आहेस ना, हे वाच आणि सांग, बाळाला काही होणार नाही ना?”

ताईला तेव्हा चौदावा आठवडा सुरू होता. इन्स्टावर जाहिरात बघून तिने ऑनलाइन एक किट मागवलं होतं. घरीच स्वॅब घ्यायचा, कुरियरने पाठवायचा, तीन आठवड्यांनी ‘व्हजायनल मायक्रोबायोम’चा रिपोर्ट अ‍ॅपवर येतो. रिपोर्टमध्ये रंगीत गोल चार्ट, बारीक अक्षरांत बॅक्टेरियांची लॅटिन नावं, आणि दुसऱ्याच पानावर लाल चौकटीत: मायक्रोबियल डायव्हर्सिटी, लो.

मी बॅकएंड डेव्हलपर. बायोलॉजीशी माझा संबंध बारावीला संपला. त्यामुळे खरं सांगायचं तर लाल चौकट बघून माझ्याही पोटात गोळा आला. पोटातल्या म्हणजे आतड्यातल्या बॅक्टेरियांबद्दल आपण सगळ्यांनी हेच ऐकलेलं असतं की जितके प्रकार जास्त तितकं चांगलं. मग दोन रात्री जागून रिसर्च पेपर वाचले आणि कळलं की त्या अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली बातमी नेमकी त्या लाल चौकटीतच होती. हे असं का, आणि असा रिपोर्ट वाचायचा कसा, ते या लेखात बघू. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. औषध घ्यायचं की नाही हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. डेटा कसा वाचायचा, तेवढं मी सांगू शकते.

तिथे नक्की राहतं कोण?

१८९२ मध्ये अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने योनीतल्या स्रावात काडीच्या आकाराचे बॅक्टेरिया बघितले आणि ते अ‍ॅसिड तयार करतात हे दाखवलं. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतो. लॅक्टोबॅसिलस हे आडनाव समजा. या घरातले चार जण योनीत जास्त करून सापडतात: क्रिस्पॅटस, गॅसेरी, जेन्सेनी आणि इनर्स.

त्यांचं काम असं चालतं. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे योनीच्या अस्तरातल्या पेशींमध्ये ग्लायकोजेन साठतं. ग्लायकोजेन म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. पेशी गळून पडतात, शरीरातलंच अमायलेज हे एन्झाइम ती साखळी तोडतं आणि सुटलेली साखर लॅक्टोबॅसिलस खातात. त्यातून तयार होतं लॅक्टिक अ‍ॅसिड, दही ज्यामुळे आंबट होतं तेच. पीएच खाली जाऊन ३.५ ते ४.५ च्या आसपास राहतो. इतक्या आंबट जागी बाकीच्या बऱ्याच जंतूंना बस्तान बसवता येत नाही.

दह्याचं नाव निघालंच आहे म्हणून, दही तिथे लावायचे ‘घरगुती उपाय’ रीलवर फिरतात. ते करू नका. दही लावणारे बॅक्टेरिया आणि योनीत राहणारे क्रिस्पॅटस हे एकच नव्हेत. दही जेवणात घ्या.

२०११ मध्ये जॅक रॅव्हेल यांच्या टीमने उत्तर अमेरिकेतल्या ३९६ महिलांचे नमुने तपासले आणि त्यांचे पाच गट पाडले. चार गटांत वर सांगितलेल्या चौघांपैकी कुणी ना कुणी एक जण बहुमतात होता. पाचव्या गटात लॅक्टोबॅसिलस कमी आणि ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या बॅक्टेरियांची गर्दी: गार्डनेरेला, प्रीव्होटेला आणि बरेच इतर. गंमत म्हणजे या सगळ्या महिलांना कसलीही तक्रार नव्हती. गोऱ्या आणि आशियाई वंशाच्या महिलांमध्ये हा गर्दीवाला गट कमी दिसला, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक महिलांमध्ये बराच जास्त. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘गट ४’ आला की लगेच आजार झाला, असा अर्थ होत नाही.

चौघांमधला इनर्स जरा वेगळा. त्याची ओळखच १९९९ मध्ये झाली, कारण लॅक्टोबॅसिलस वाढवायला लॅबमध्ये जे नेहमीचं माध्यम वापरतात त्यावर तो वाढत नाही. त्याचा जीनोमही लहान आहे. क्रिस्पॅटस डी आणि एल अशा दोन्ही प्रकारचं लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतो, इनर्स फक्त एल. क्रिस्पॅटसचं राज्य सहसा टिकतं. इनर्स मात्र धड तुमच्या बाजूचा नाही, धड विरोधातला नाही. रिपोर्टमध्ये नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस ९० टक्के’ लिहिलं असेल तर त्यातला कोण, हा प्रश्न विचारायलाच हवा.

प्रेग्नन्सीत काय बदलतं?

दोन गोष्टी. इस्ट्रोजेन खूप वाढतं, म्हणजे लॅक्टोबॅसिलसला खाणं भरपूर. आणि पाळी थांबते. पाळीतल्या रक्ताचा पीएच ७.४ च्या जवळ असतो, त्यामुळे दर महिन्याला काही दिवस तिथला आंबटपणा कमी होतो आणि बॅक्टेरियांची गणितं हलतात. नऊ महिने ही उलथापालथच बंद. सर्व्हरवर दर महिन्याला येणारा एक मोठा डाउनटाइम रद्द झाला असं समजा.

२०१४ मध्ये रोमेरो यांच्या टीमने हे मोजून दाखवलं. वेळेवर बाळंत झालेल्या महिलांमध्ये प्रेग्नन्सीच्या काळात लॅक्टोबॅसिलस जास्त होते आणि प्रेग्नंट नसलेल्या महिलांच्या तुलनेत सगळा समूह जास्त स्थिर होता. प्रेग्नन्सीत अंगावरून थोडं पांढरं जास्त जातं, त्यामागे हार्मोन्सच असतात. वास नसेल, खाज नसेल, तर ते बहुतेक वेळा नॉर्मलच.

बाळंतपणानंतरचा बदल मात्र मला सगळ्यात धक्कादायक वाटला. स्टॅनफर्डच्या टीमने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दर आठवड्याला नमुने घेतले होते. डिलिव्हरी झाली की इस्ट्रोजेन धाडकन खाली येतं आणि त्याबरोबर लॅक्टोबॅसिलसही. जागा भरतात ते ऑक्सिजनशिवाय जगणारे. काही महिलांमध्ये ही अवस्था वर्षभर टिकली. डिलिव्हरी नॉर्मल होती की सिझेरियन, याने त्यात फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांची चर्चा होते, शेक-शेगडीची होते, पण हा विषय कुणी काढत नाही.

मग लाल चौकट कशासाठी?

इथे माझ्या ओळखीचं काहीतरी निघालं. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की डायव्हर्सिटी ‘शॅनन इंडेक्स’ने मोजली आहे. हा शॅनन म्हणजे आपल्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकातला क्लॉड शॅनन. १९४८ मध्ये त्याने माहितीची अनिश्चितता मोजायला एन्ट्रॉपीचं सूत्र मांडलं. जंगलात झाडांचे किती प्रकार आहेत हे मोजायला नंतर तेच सूत्र वापरलं जाऊ लागलं आणि आता बॅक्टेरियांसाठीही वापरतात. एकच प्रकार बहुमतात असेल तर आकडा लहान, बरेच प्रकार थोडे-थोडे असतील तर मोठा.

आकडा लहान की मोठा एवढंच सूत्र सांगतं. चांगला की वाईट हे जागेवर अवलंबून असतं. आतड्यात विविधता जास्त असणं सहसा चांगलं मानतात. योनीत उलटं आहे: एकटा क्रिस्पॅटस बहुमतात असेल तर शॅनन इंडेक्स लहानच येणार. ताईच्या रिपोर्टमध्ये क्रिस्पॅटस ९१ टक्के होता! माझा अंदाज असा की आतड्याच्या टेस्टसाठी बनवलेलं टेम्प्लेटच कुणीतरी इथे वापरलं आणि लाल-हिरव्याचा नियम बदलायला विसरलं. असे बग मीही केलेत, पण माझ्या बगमुळे कुणी बाळाच्या काळजीने रात्र जागून काढलेली नाही.

मी सपोर्टला मेल केला. ‘कृपया आमच्या वेलनेस कोचशी कॉल बुक करा’ असं उत्तर आलं. कॉलचे पैसे वेगळे.

टक्के येतात कुठून?

बहुतेक टेस्ट बॅक्टेरियाचा १६एस नावाचा जीन वाचतात. साधारण १,५०० अक्षरांचा हा जीन सगळ्या बॅक्टेरियांमध्ये असतो. त्याचे काही भाग सगळ्यांत जवळपास सारखे, आणि नऊ भाग असे की जे जातीनुसार बदलतात. गाडीच्या नंबरप्लेटसारखं. ‘एमएच’ सगळ्यांना सारखं, ‘१२’ वरून पुणे कळतं, पण गाडी नक्की कुणाची ते पुढचे आकडे वाचल्याशिवाय कळत नाही. खर्च वाचवायला लॅब पूर्ण जीन न वाचता एखाद-दुसरा भाग वाचतात. त्यामुळे कधी फक्त आडनाव कळतं, नाव कळत नाही. शिवाय वाचन सुरू करायला जो डीएनएचा छोटा तुकडा वापरतात, त्याच्या एका जुन्या आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकाराचा गार्डनेरेलाशी नीट मेळ बसत नव्हता. म्हणजे गार्डनेरेला असूनही रिपोर्टमध्ये कमी दिसायचा. एकच स्वॅब, दोन लॅब, दोन वेगळे चार्ट, हे होऊ शकतं.

आणखी एक. हे टक्के आहेत, संख्या नव्हे. लॅक्टोबॅसिलस ९० वरून ६० टक्क्यांवर आले याचा अर्थ ते मेले असा होत नाही, कदाचित दुसरं कुणीतरी वाढलं असेल. एकूण किती, हे चार्टवरून कळतच नाही.

दवाखान्यात डॉक्टर ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ ठरवतात ते बहुधा याहून फार साध्या पद्धतीने. १९८३ पासून वापरात असलेले अ‍ॅम्सेलचे चार निकष: पातळ एकसारखा स्राव, पीएच ४.५ च्या वर, एक केमिकल टाकल्यावर येणारा माशासारखा वास, आणि मायक्रोस्कोपखाली बॅक्टेरियांनी झाकलेल्या पेशी. चारपैकी तीन जुळले की निदान. यात सिक्वेन्सिंगची गरजच पडत नाही.

वेळेआधी डिलिव्हरीशी काय संबंध?

सगळा आटापिटा यासाठी चालला आहे. ३७ आठवड्यांच्या आधी झालेली डिलिव्हरी म्हणजे प्रीटर्म. २०२० मध्ये जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली आणि त्यातली सुमारे ३० लाख भारतातली, कुठल्याही देशापेक्षा जास्त.

आंबटपणा कमी झाला की वाढणारे काही बॅक्टेरिया असे एन्झाइम सोडतात की गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट म्युकसचा थर पातळ होतो. जंतू वर चढू शकतात, सूज येते, शरीर प्रोस्टाग्लँडिन सोडतं, आणि कळा सुरू करणारं रसायनही तेच. बॅक्टेरियल व्हजायनोसिस असलेल्या महिलांमध्ये प्रीटर्मचा धोका साधारण दुप्पट असल्याचं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटीच्या टीमने प्रीटर्म झालेल्या ४५ आणि वेळेवर झालेल्या ९० महिलांची तुलना केली. प्रीटर्म गटात क्रिस्पॅटस कमी आणि स्नीथिया, प्रीव्होटेला यांच्यासारखे बॅक्टेरिया जास्त निघाले.

मग अँटिबायोटिक देऊन हे बॅक्टेरिया मारून टाकले की झालं? मलाही हेच वाटलं होतं. अमेरिकेत १,९५३ महिलांवर ट्रायल झाली, २००० मध्ये निकाल आला. त्यांना व्हजायनोसिस होता पण त्रास काही नव्हता. मेट्रोनिडाझोल घेतलेल्यांत प्रीटर्म १२.२ टक्के, साधी गोळी घेतलेल्यांत १२.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. फ्रान्समध्ये तर ८४ हजारांहून जास्त गर्भवतींची तपासणी करून कमी धोक्याच्या महिलांना क्लिंडामायसिन दिलं, २०१८ मध्ये निकाल लागला आणि तिथेही फायदा दिसला नाही. वाईट बॅक्टेरिया हटवले म्हणजे क्रिस्पॅटस आपोआप परत येतो असं नाही. मेट्रोनिडाझोलनंतर रिकामी जागा बऱ्याचदा इनर्सच बळकावतो. वास, जळजळ असा त्रास असेल तर गर्भवतींनाही उपचार देतातच. पण त्रास काहीच नाही आणि फक्त अ‍ॅपवर लाल रंग दिसला म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, याला काही आधार नाही.

क्रिस्पॅटस परत लावून बघण्याचा प्रयत्नही झाला आहे. २०२० मध्ये आलेल्या एका ट्रायलमध्ये २२८ महिलांना आधी मेट्रोनिडाझोल जेल आणि मग जिवंत क्रिस्पॅटस किंवा नुसतं प्लासिबो दिलं. १२ आठवड्यांत व्हजायनोसिस परत आला तो ३० टक्के विरुद्ध ४५ टक्के. चांगली सुरुवात आहे, पण या महिला प्रेग्नंट नव्हत्या. दुकानात मिळणाऱ्या ‘विमेन्स प्रोबायोटिक’च्या डबीवर हा निकाल चिकटवू नका.

एआय आधीच सांगेल का?

आता माझ्या आवडीचा भाग. ड्रीम चॅलेंज नावाच्या स्पर्धा असतात. कॅगलसारखंच, पण बायोलॉजीसाठी. यातल्या एका स्पर्धेत नऊ अभ्यासांतला डेटा एकत्र केला: १,२६८ गर्भवतींचे ३,५७८ नमुने. प्रश्न एकच, योनीतल्या बॅक्टेरियांवरून प्रीटर्म ओळखता येईल का. ३१८ जणांनी भाग घेतला. मॉडेल तपासली ती त्यांनी कधीच न पाहिलेल्या १४८ महिलांच्या डेटावर. २०२४ मध्ये निकालाचा पेपर आला: ३७ आठवड्यांच्या आधीच्या डिलिव्हरीसाठी सर्वोत्तम मॉडेलचा स्कोअर ०.६९, आणि ३२ आठवड्यांच्या आधीच्यासाठी ०.८७.

०.६९ म्हणजे ६९ टक्के अचूक, असं नाही. हा एयूआरओसी आहे. प्रीटर्म झालेली एक आणि वेळेवर झालेली एक अशा दोघी घेतल्या, तर मॉडेल १०० पैकी ६९ वेळा पहिलीला जास्त धोका दाखवेल. नाणं उडवलं तरी ५० वेळा बरोबर येतंच.

०.८७ ऐकायला मस्त वाटतं. पण समजा हजार गर्भवती आहेत आणि त्यातल्या २० जणींची डिलिव्हरी ३२ आठवड्यांच्या आधी होणार आहे. समजा एखादी टेस्ट या २० मधल्या १६ जणींना पकडते, आणि उरलेल्या ९८० मधल्या फक्त २० टक्क्यांना चुकून धोका दाखवते. चुकून म्हणजे १९६ जणी. एकूण २१२ जणींच्या फोनवर ‘हाय रिस्क’चं नोटिफिकेशन गेलं आणि त्यातल्या खऱ्या १६. तेरा-चौदा जणींत एक. बाकीच्या काय करणार? माझ्या ताईने जे केलं तेच. रात्री साडेअकराला कुणाला तरी पीडीएफ पाठवणार.

रिसर्चसाठी हे मॉडेल सोन्यासारखं आहे, यात वाद नाही. पण ज्या डेटावर ही शिकली त्यात बहुतांश महिला अमेरिका आणि युरोपातल्या. आपल्याकडे गर्भ-इनी नावाचा मोठा अभ्यास २०१५ पासून गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सुरू आहे, फरीदाबादच्या टीएचएसटीआय या सरकारी संस्थेच्या नेतृत्वाखाली. तिथे गर्भवतींची माहिती आणि नमुने प्रेग्नन्सीच्या सुरुवातीपासून गोळा करतात. आपल्या महिलांसाठीचं उत्तर असल्याच अभ्यासांतून येईल.

तुम्ही काय करू शकता

योनीच्या आत साबण, इंटिमेट वॉश, डेटॉलचं पाणी, काहीही नको. बाहेरून साधं पाणी पुरतं. वासवाला किंवा राखाडी-हिरवट स्राव, खाज, जळजळ, रक्त, पाणी गेल्यासारखं वाटणं, ठरावीक वेळाने पोट घट्ट होणं, यातलं काहीही झालं तर अ‍ॅप उघडू नका, डॉक्टरांना फोन करा. घरी पीएच स्ट्रिप वापरून स्वतःच निदान करणाऱ्यांसाठी: गर्भजलाचा पीएच ७ च्या वर असतो, रक्त आणि वीर्य यांनीही स्ट्रिपचा रंग बदलतो. रंग बदलण्याची चार कारणं असतील तर रंगावरून काय कळणार?

किट घ्यायचंच असेल तर आधी अ‍ॅपच्या परमिशन बघा. ताईच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले होते. योनीच्या बॅक्टेरियांचा रिपोर्ट दाखवायला माझा नंबर कशाला हवा, हे मला अजून कळलेलं नाही.

ताईच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट दोन मिनिटं चाळला आणि बाजूला ठेवला. “त्रास काही आहे का? नाही ना? मग बीपी बघू,” एवढंच म्हणाल्या. तेव्हा मला राग आला होता, दोन रात्री जागून मी नोट्स काढल्या होत्या.

डोहाळजेवण झालं आणि पुढच्याच आठवड्यांत ताईचं बीपी चढायला लागलं. पायावर सूज, मग लघवीत प्रोटीन. पस्तिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी सिझेरियन करून बाळ काढलं. ९१ टक्के क्रिस्पॅटस, आणि तरी प्रीटर्म. प्रीटर्म डिलिव्हरींपैकी साधारण एक तृतीयांश अशाच असतात: कळा आपोआप सुरू होत नाहीत, आईच्या किंवा बाळाच्या जिवासाठी डॉक्टरच वेळेआधी डिलिव्हरी करतात. तिथे योनीतल्या बॅक्टेरियांचा रिपोर्ट कितीही हिरवा असला तरी बीपीचा पट्टा काय सांगतो तेच बघावं लागतं.

भाची पाच दिवस काचेच्या पेटीत होती. आता आठ महिन्यांची आहे आणि माझा चष्मा ओढते. परवा ताईच्या फोनवर त्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन आलं, ‘बाळंतपणानंतरची टेस्ट, ४० टक्के सूट’. तिने मला न विचारताच अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं.